बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

वाचकांचे प्रश्न : मोटरसायकलची चार्जिंग यंत्रणा

या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली आहे: सेल्फ उचलत नाही, बॅटरी बदलली, काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. म्हणून हे संपूर्ण सदर चार्जिंगच्या प्रश्नांना दिले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. उत्तरे लिहिताना ज्यांनी आजवर मल्टिमीटर हातात धरलेला नाही, असे वाचक डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

प्रश्न : माझी 150 सीसीची मोटरसायकल सहा वर्षे जुनी आहे. गेल्या वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या टाकल्या, तरी सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक-टक’ आवाज येतो. एक मेकॅनिक कॉइल गेली म्हणतो, दुसरा आरआर युनिट बदला म्हणतो, तिसऱ्याला पुन्हा बॅटरीच खराब वाटते. मी साधा डिजिटल मल्टिमीटर विकत आणला आहे, पण तो कसा वापरायचा हे मला माहीत नाही. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तिघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे असू शकते, आणि नेमकी हीच अडचण आहे, कारण चार्जिंगमधला कोणताही भाग बिघडला तरी गाडीस्वाराला दिसणारे लक्षण एकच असते. म्हणून अंदाजाने सुटे भाग बदलण्याऐवजी क्रमाने मोजत गेले पाहिजे. मीटर घेऊन तुम्ही योग्य सुरुवात केली आहे. या कामाला महागडा मीटर लागत नाही.

प्रथम यंत्रणा समजून घ्या. इंजिनच्या एका बाजूच्या झाकणाआड तांब्याच्या तारेची वेटोळी असलेली कॉइल प्लेट स्थिर बसवलेली असते आणि तिच्याभोवती चुंबक असलेले मॅग्नेट क्रँकबरोबर फिरते. त्यातून निर्माण होणारा प्रवाह एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा असतो आणि इंजिनचा वेग वाढेल तसा त्याचा दाबही (व्होल्टेज) वाढत जातो. आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर आणि रेक्टिफायर एकत्र असलेला पंख्यांचा ॲल्युमिनियमचा डबा, या एसीचे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, करतो आणि बॅटरीला झेपेल एवढ्यावर दाब रोखून धरतो. तिसरा घटक बॅटरी आणि चौथा, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो, म्हणजे या सर्वांना जोडणाऱ्या तारा, कपलर (तारा एकमेकींना जोडणारे प्लग), फ्यूज आणि अर्थिंग (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी असलेली जोडणी).

मीटरची काळी प्रोब (टोकाला सुई असलेली तार) ‘कॉम’ लिहिलेल्या छिद्रात आणि लाल प्रोब व्होल्टच्या छिद्रात घाला. खटका डीसी व्होल्टच्या 20 या आकड्यावर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला आणि काळी निगेटिव्हला टेकवली की आकडा दिसेल. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: लाल प्रोब अँपिअरच्या छिद्रात असताना ती बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर लावू नका. त्या स्थितीत मीटर म्हणजे जवळजवळ सरळ शॉर्ट सर्किट असते. मीटरचा फ्यूज उडतो किंवा तार तापून हात भाजतो. इंजिन चालू ठेवून करायची सर्व मोजमापे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

पहिले मोजमाप गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, चावी बंद असताना घ्यायचे. नेहमीची 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसतात. 12.4 म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी आणि 12.0 म्हणजे तळाला आलेली बॅटरी. म्हणजे ‘पूर्ण’ आणि ‘रिकामी’ यांच्यात एक व्होल्टचेही अंतर नाही; म्हणूनच दशांशानंतरचा आकडा येथे महत्त्वाचा ठरतो. फेरफटका मारून आल्याबरोबर मोजलेत तर आकडा फसवा, चढा दिसेल; घाईच असेल तर चावी चालू करून हेडलाइट एक-दोन मिनिटे लावा, मग बंद करून थोडा वेळ थांबा आणि त्यानंतर मोजा.

आकडा 12.4 च्या खाली असेल तर पुढे जाण्याआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. नवशिके लोक बहुतेक वेळा ही पायरी गाळतात आणि नेमके तिथेच निदान चुकते, कारण अर्धी रिकामी बॅटरी इंजिन चालू झाल्यावर एवढा प्रवाह ओढून घेते की निरोगी यंत्रणेचाही दाब कमी दिसतो. चार्जरचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाएवढा असावा, म्हणजे 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीला सुमारे अर्धा अँपिअर. मोटारीच्या बॅटरीसाठीचा मोठा चार्जर एवढ्याशा बॅटरीला लावला तर ती तापते आणि आतल्या प्लेटा कायमच्या खराब होतात. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह सोडवा, बसवताना उलट क्रम ठेवा. नाहीतर पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना चेसिसला लागला की मोठी ठिणगी पडते.

बॅटरी भरून काही तास ठेवल्यावर दुसरे मोजमाप करा: प्रोब टर्मिनलांवर धरून सेल्फ मारा. इंजिन फिरत असताना आकडा 10 व्होल्टच्या आसपास किंवा वर राहिला तर बॅटरीत दम आहे. पूर्ण भरूनही तो 8 किंवा 7 पर्यंत कोसळत असेल तर ती बॅटरी गेली, मग ती कितीही नवी असो. याउलट आकडा 12.5 वर ढिम्म राहून नुसता ‘टक-टक’ आवाज येत असेल तर दोष बॅटरीचा नव्हे. तो सैल टर्मिनल, सेल्फचा रिले (बटण दाबल्यावर प्रवाह जोडणारा विद्युत-स्विच), जाड केबल किंवा खुद्द सेल्फ मोटर यांपैकी कशात तरी आहे. तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा या मोजमापाकडे विशेष लक्ष द्या.

तिसरे मोजमाप इंजिन चालू ठेवून करायचे. ते स्लोवर असताना आकडा पाहा, मग ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवत 4000 ते 5000 आरपीएमपर्यंत न्या. निरोगी गाडीत आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान जाऊन थांबतो आणि त्यापुढे वेग वाढवला तरी फारसा हलत नाही. 13 च्या वरही जात नसेल तर बॅटरीला पुरेसा पुरवठा होत नाही. 15 ओलांडत असेल तर रेग्युलेटर दाब रोखत नाही. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये यासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण माना.

एवढी तीन मोजमापे एका कागदावर लिहून ठेवा. पुढे मेकॅनिककडे जायचे झाले तरी ‘चार्जिंग होत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘रात्रभरानंतर 12.5, सेल्फवर 10.3, 5000 ला 12.4’ असे सांगितले तर चांगला मेकॅनिक तिथूनच पुढे काम सुरू करतो.

प्रश्न : माझ्या गाडीत बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली आहे. इंजिन चालू केल्यावर 12.3 व्होल्ट दिसतात आणि रेस वाढवली तरी वाढत नाहीत, उलट हेडलाइट लावल्यावर कमी होतात. इंजिनमधून तीन पिवळ्या तारा येऊन एका कपलरमध्ये जातात, एवढे मी शोधले आहे. बिघाड कॉइलचा की आरआर युनिटचा, हे घरी ओळखता येईल का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : नक्की ओळखता येईल, आणि त्यासाठी इंजिनचे झाकण उघडावे लागत नाही. दोन्ही भागांच्या किमतींत आणि मजुरीत मोठा फरक असल्याने ही तपासणी स्वतः करण्याला खरोखर अर्थ आहे.

मीटर उचलण्याआधी डोळ्यांनी आणि बोटांनी पाहा. मुख्य फ्यूज शाबूत आहे का? पिवळ्या तारांचा कपलर इंजिन बंद असताना सोडवून आतल्या पिना नीट बघा. पांढरे प्लास्टिक तपकिरी झाले असेल, वितळले असेल किंवा पिनांवर हिरवा थर चढला असेल, तर बिघाड कदाचित तिथेच आहे. यामागचे गणित सोपे आहे. गंजलेल्या पिनेचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) अवघा 0.1 ओहम झाला आणि तिच्यातून 10 अँपिअर प्रवाह जात असला, तर तिथे 1 व्होल्ट वाया जातो आणि 10 वॅट उष्णता त्या नखाएवढ्या पिनेत निर्माण होते. उष्णतेने पीन सैल होते, सैल झाली की रोध आणखी वाढतो, आणि मग प्लास्टिक वितळते. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यात गाडी धुताना सीटखाली सोडलेला पाण्याचा जोरदार फवारा. अशा ठिकाणी हे वारंवार घडते. जळलेला कपलर नुसता घासून पुन्हा जोडू नये, तो नवीनच लावावा. निव्वळ मळलेला असेल तर काँटॅक्ट क्लीनर पुरतो.

कपलर ठीक असेल तर तो सुटा ठेवूनच कॉइल तपासा. खटका ओहमच्या सर्वांत लहान, म्हणजे 200 च्या आकड्यावर आणा. आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवा. स्वस्त मीटरवर 0.2 किंवा 0.3 दिसेल. तो प्रोबच्या तारांचा स्वतःचा रोध आहे आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून तो वजा करायचा आहे. हे न केल्याने चांगल्या कॉइलबद्दलही शंका घेतली जाते. आता इंजिनकडून येणाऱ्या तीन पिवळ्या तारांपैकी पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी आणि पहिली-तिसरी अशा तिन्ही जोड्या मोजा. वजाबाकीनंतर साधारणपणे 0.2 ते 1 ओहमच्या दरम्यान आकडे येतात. नेमका आकडा किती यापेक्षा तिन्ही आकडे सारखे आहेत की नाहीत, हे जास्त बोलके असते. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल तर कॉइलची तार आत तुटली आहे.

त्यानंतर एक प्रोब पिवळ्या तारेला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला लावा. येथे काहीही जोडणी दिसता कामा नये. दिसली तर कॉइलवरचे वार्निश जळून तार लोखंडी गाभ्याला टेकली आहे आणि ती कॉइल निकामी आहे. मात्र ही कसोटी फक्त तीन पिवळ्या तारांच्या कॉइलला लागू आहे. अनेक जुन्या 100 सीसी गाड्यांत चार्जिंगच्या कॉइलचे एक टोक मुद्दामच अर्थला जोडलेले असते. तिथे जोडणी दिसणे हा दोष नव्हे.

शेवटची आणि सर्वांत निर्णायक कसोटी इंजिन चालू ठेवून घ्यायची. कपलर सुटाच ठेवा, खटका एसी व्होल्टच्या 200 वर आणा, इंजिन चालू करा आणि तिन्ही जोड्या पुन्हा मोजा. आरपीएम वाढवाल तसा आकडा सरळ चढत गेला पाहिजे. 5000 च्या आसपास अनेक गाड्यांत 50 ते 70 व्होल्ट दिसतात. एवढा दाब बोटांना झटका देऊ शकतो, म्हणून उघड्या पिनांना हात लावू नका आणि प्रोबची टोके एकमेकींना भिडू देऊ नका. तिन्ही आकडे जवळजवळ समान असतील तर कॉइल आणि मॅग्नेट दोन्ही चांगले आहेत. एक जोडी मागे पडत असेल तर कॉइल गेली. तिन्ही समान पण फारच कमी असतील तर मॅग्नेटचे चुंबक कमजोर झाले असण्याची शक्यता राहते, पण असे क्वचितच घडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही कॉइली थंड असताना प्रत्येक कसोटीत उत्तीर्ण होतात आणि इंजिन तापल्यावर वार्निशमधल्या भेगांमुळे शॉर्ट होतात. सकाळी चार्जिंग होते आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर थांबते, अशी तक्रार असेल तर इंजिन चांगले गरम करून ही सगळी मोजमापे पुन्हा घ्या.

कॉइल निर्दोष ठरली तरी आरआर युनिट लगेच विकत आणू नका. आधी त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची वाट तपासा. कपलर जोडा, इंजिन 4000 आरपीएमवर ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर आणून एक प्रोब युनिटमधून निघणाऱ्या लाल तारेला आणि दुसरी थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. ही एकाच तारेची दोन टोके असल्याने आकडा 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आत असायला हवा. अधिक असेल तर मधल्या वाटेत कुठेतरी दाब गळतो आहे. हेच युनिटच्या अर्थ तारेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत करा. कॉइल चांगली, दोन्ही वाटा चांगल्या आणि तरीही चार्जिंग नाही, एवढे सिद्ध झाले की मगच आरआर युनिट दोषी ठरते. डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपासण्याची सोय मीटरमध्ये असली तरी आतले नियंत्रण करणारे भाग त्याने तपासले जात नाहीत, म्हणून मी एकेक शक्यता वगळत जाण्याच्या या रीतीवर अधिक विसंबतो.

कॉइल बदलावी लागली तर ती पुन्हा बांधून देणारे कारागीर अनेक शहरांत आहेत आणि काम चांगले झाले तर ते टिकते. मात्र उष्णता सोसणारी तार आणि वार्निश वापरणार का, हे आधी विचारून घ्या. कॉइल प्लेट इंजिनच्या गरम तेलाजवळ राहते आणि साध्या मोटर-वाइंडिंगचे साहित्य तिथे तग धरत नाही.

प्रश्न : मी आपल्या पद्धतीप्रमाणेच बॅटरी मोजते. इंजिन स्लोवर 13.2 आणि रेस वाढवल्यावर 14.1 व्होल्ट येतात, म्हणजे चार्जिंग ठीक आहे. तरीही आठवड्याभरात बॅटरी उतरते. रोजची ये-जा बाजारपेठेतून तीन-चार किलोमीटरची आहे. धुक्यासाठी दोन जादा एलईडी दिवे आणि मोबाइलचा चार्जर लावला आहे. (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : तुमचे आकडे चांगले आहेत, पण ते बहुधा जादा दिवे बंद असताना घेतलेले असावेत. आता हेडलाइट, जादा दिवे आणि मोबाइल चार्जर असे सर्व काही चालू करून इंजिन स्लोवर ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा 12.7 च्या खाली उतरत असेल तर त्या वेळी बॅटरी भरत नसून रिकामी होत आहे.

हिशेब असा मांडता येतो. प्रत्येकी 20 वॅटचे दोन दिवे आणि 10 वॅटचा चार्जर धरला तर 50 वॅट होतात, 13.5 व्होल्टला ते सुमारे 3.7 अँपिअर. गाडी बनवणाऱ्याने कॉइलची क्षमता ठरवताना हा भार धरलेला नव्हता. बाजारातल्या गर्दीत इंजिन बहुतेक वेळ कमी वेगावर असते आणि तिथे कॉइलची निर्मितीही कमीच असते. समजा तूट फक्त 2 अँपिअरची आहे. रोज 20 मिनिटे ती राहिली तर दिवसाला 0.67 अँपिअर-अवर जातात, आणि 5 अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याच्या आतच सेल्फ फिरवण्याच्या लायकीची राहत नाही.

पुष्कळांचा समज असतो की सेल्फच बॅटरी खातो. सेल्फ 50 अँपिअर घेत असला तरी तो दोन-तीन सेकंदच चालतो, त्यात 0.04 अँपिअर-अवर जातात आणि यंत्रणा ठीक असेल तर काही मिनिटांत ते भरून निघतात. खरी गळती संथ चालणाऱ्या इंजिनावरच्या कायम भाराची असते. मोठी बॅटरी बसवणे हाही यावर उपाय नाही. टाकी मोठी केली म्हणून पंपाचे पाणी वाढत नाही.

तेव्हा बाजारात जादा दिवे बंद ठेवा आणि ते घाटात किंवा धुक्यातच लावा. दिव्यांची जोडणी हेडलाइटच्या तारेतून घेतलेली असेल तर ती बदलून वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज घालून थेट बॅटरीतून घ्या. किनाऱ्यावरच्या खारट दमट हवेत अशा बाहेरून पिळून जोडलेल्या तारा आतून काळ्या पडतात. टेप सोडून एकदा बघाच. महिन्यातून एकदा रात्रभर लहान चार्जर लावलात तर बॅटरीचे आयुष्य नक्की वाढेल.

प्रश्न : हेडलाइटचे दोन बल्ब एका महिन्यात उडाले. बॅटरीच्या बाजू फुगल्या आहेत आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. 4000 आरपीएमवर मीटर 16.2 दाखवतो. गाडी चालवत राहिलो तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालवू नका. 16.2 हा आकडा यंत्रणा बॅटरीला जबरदस्तीने भरत असल्याचा आहे. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरवरही लावू नका. जादा चार्जिंगमध्ये हायड्रोजन वायू बाहेर पडतो, त्याला एक ठिणगी पुरते, आणि आत सल्फ्युरिक ॲसिड आहे. ती सावकाश सोडवून, डोळ्यांना चष्मा लावून, बॅटरी विक्रेत्याकडे परत द्या. कचऱ्यात टाकू नका.

दोष बहुतेक वेळा आरआर युनिटचा असतो, परंतु नवे युनिट आणण्याआधी दोन गोष्टी पाहा. तुमच्या गाडीत युनिटला दाब ओळखण्यासाठी इग्निशन स्विचमधून येणारी वेगळी तार असेल तर चावी चालू ठेवून ती तार आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह यांच्यातला फरक मोजा. स्विचची टोके मळल्यामुळे तिथे एक-दीड व्होल्ट गळत असेल तर युनिटला बॅटरी प्रत्यक्षाहून रिकामी वाटते आणि ते तेवढाच जादा दाब देते. अशा वेळी युनिट बदलून काहीच साध्य होत नाही. दुसरे म्हणजे युनिटच्या अर्थचा बोल्ट घट्ट आणि गंजमुक्त आहे का ते बघा. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकांच्या) गाड्यांत इंधन इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) सर्रास असल्याने जादा दाबाचे नुकसान बल्बपुरते राहत नाही, हे लक्षात घेऊन दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभीच ठेवा.

प्रश्न : माझ्या जुन्या 100 सीसी गाडीचा हेडलाइट सिग्नलला थांबल्यावर अगदी मंद होतो आणि रेस दिली की लख्ख होतो. चार्जिंग गेले असे समजावे का? (एक शेतकरी, बीड)

उत्तर : एवढ्यावरून तसे समजू नका. त्या काळातल्या अनेक 100 सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही; तो मॅग्नेटच्या कॉइलमधून येणाऱ्या एसीवर थेट चालतो, म्हणून इंजिनच्या वेगाबरोबर त्याचा उजेड कमी-जास्त होतो. खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून चावी चालू करा. हॉर्न आणि इंडिकेटर चालतात पण हेडलाइट लागत नाही, असे असेल तर तुमची गाडी याच प्रकारची आहे. बॅटरीचे चार्जिंग वेगळे मोजा, पहिल्या उत्तरातल्या रीतीने. अशा साध्या यंत्रणेत रेस वाढवल्यावर आकडा नव्या गाड्यांइतका झपाट्याने चढत नाही. तो बंद अवस्थेपेक्षा स्पष्टपणे वाढतो का, एवढे पाहा.

प्रश्न : आमच्याकडचे जुने मेकॅनिक चालू गाडीच्या बॅटरीचे टर्मिनल काढून बघतात. इंजिन बंद पडले नाही तर चार्जिंग चांगले, असे ते म्हणतात. ही तपासणी बरोबर आहे का? तसेच बॅटरी उतरल्यावर मोटारीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करता येते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ती तपासणी आजच्या गाडीवर कोणालाही करू देऊ नका, मग समोरचा कितीही अनुभवी असो. बॅटरी आरआर युनिटमधून येणारा खडबडीत प्रवाह सपाट करत असते. ती अचानक सुटली की क्षणभर दाब उसळतो आणि त्यात ईसीयू, डिजिटल मीटर किंवा एलईडी दिवे जळू शकतात. शिवाय इंजिन चालू राहिले यावरून चार्जिंग पुरेसे आहे हे सिद्धही होत नाही. जुन्या, साध्या गाड्यांवर ही सवय लागली आणि गाड्या बदलल्या तरी ती टिकून राहिली. दोन मिनिटांत मीटर तेच उत्तर आकड्यात देतो.

मोटारीच्या बॅटरीवरून मोटरसायकल सुरू करता येते, कारण दोन्ही 12 व्होल्टच्याच असतात. मात्र मोटारीचे इंजिन बंद ठेवा. आधी लाल केबल दोन्ही पॉझिटिव्हना लावा, मग काळी केबल मोटारीच्या निगेटिव्हला आणि तिचे दुसरे टोक मोटरसायकलच्या बॅटरीपासून दूर असलेल्या इंजिनच्या उघड्या धातूला लावा. सुरू झाल्यावर उलट क्रमाने काढा. इंजेक्शनची गाडी ढकलून सुरू करायची तरी इंधन पंप चालण्याइतकी शक्ती बॅटरीत हवी, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : कामानिमित्त मी दोन-तीन आठवडे बाहेरगावी असतो. परत आल्यावर बॅटरी नेहमी पूर्ण उतरलेली असते. चार्जिंग 14.2 आहे. गाडीला चोरी-अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर लावलेला आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमचे चार्जिंग ठीक आहे, चावी बंद असतानाची गळती मोजायला हवी. चावी बंद करा, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मीटरची लाल प्रोब 10 अँपिअरच्या छिद्रात घालून खटका त्याच आकड्यावर आणा आणि एक प्रोब सुटलेल्या केबलला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, म्हणजे सर्व प्रवाह मीटरमधून जाईल. या अवस्थेत चावी फिरवू नका आणि सेल्फ तर मुळीच दाबू नका. सुरुवातीला आकडा उसळतो, मग काही मिनिटांत स्थिर होतो. तो फारच लहान असेल तर लाल प्रोब मिलिअँपिअरच्या छिद्रात घालून पुन्हा मोजा.

जादा उपकरणे नसलेल्या गाडीत ही गळती काही मिलिअँपिअरच असते. अलार्म आणि ट्रॅकर मिळून ती 20 मिलिअँपिअर झाली असे धरले तर दिवसाला 0.48 अँपिअर-अवर जातात. 5 अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत अर्धी आणि दहा दिवसांत रिकामी. तुमच्या अनुभवाशी हे जुळते. पडताळण्यासाठी मीटर लावलेला असतानाच अलार्मचा फ्यूज काढा, मग ट्रॅकरचा, आणि आकडा कोणत्या वेळी खाली येतो ते पाहा. दोन्ही काढूनही गळती राहिली तर आरआर युनिटचा कपलर सोडवून बघा. त्यातला डायोड उलट्या दिशेने गळत असेल तर आकडा तिथे पडेल.

दोष उपकरणांचाच निघाला आणि ती तुम्हाला हवीच असतील तर वाहनतळावर प्लग असल्यास बॅटरी भरल्यावर स्वतःहून थांबणारा लहान चार्जर जोडून जा. प्लग नसेल तर निघताना निगेटिव्ह केबल सोडवून तिचे टोक टेपने गुंडाळून ठेवा. ट्रॅकरला स्वतःची लहान बॅटरी असेल तर तो काही काळ तरी चालू राहतो. आतापर्यंत अनेकदा पूर्ण रिकामी होऊन पडलेल्या तुमच्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसलेला असण्याचा संभव आहे, म्हणून ती पूर्ण भरून सेल्फ मारताना पुन्हा एकदा मोजा आणि आकडा 10 च्या बराच खाली जात असेल तर ती बदला.